डोळे सुजलेत? आधी बघा सूज कधी येते आणि कधी जाते

सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसले की घरातले आधी विचारतात रडलीस का, आणि मग कोणीतरी काकडी कापायला घेतं. काकडीचं नंतर बघू. त्याआधी मोबाईलने चेहऱ्याचा एक फोटो काढा, बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात नको, खिडकीसमोर उभं राहून आणि फिल्टर-बिल्टर सगळं बंद करून. तसाच एक दुपारी जेवायच्या वेळेला आणि एक संध्याकाळी घरी आल्यावर. तीन-चार दिवस हे केलंत की तुमचं तुम्हालाच कळेल की सूज सकाळी असते आणि दहा-अकरापर्यंत उतरते का, दिवसभर तशीच असते का, एकाच डोळ्याला आहे की दोन्ही, खाज येते की दुखतं. सगळं ह्याच्यावर आहे, कारण एका सुजेला थंड लागतं, दुसरीला गरम शेक, तिसरीला घरातलं काहीच चालत नाही आणि एखादी सूज डोळ्याची नसतेच मुळी, ती किडनीची किंवा थायरॉईडची असते आणि आपण बसतो बटाट्याच्या चकत्या ठेवत.

होतं काय की पापणीची कातडी ही अख्ख्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी, आणि तिच्या खालचा भाग एकदम सैल, त्यामुळे अंगात जरा जास्तीचं पाणी साठलं की ते पहिलं इथे दिसतं, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं टम्म. दिवसभर आपण उभे-बसलेले असतो तेव्हा हे पाणी खाली पायाकडे उतरतं, संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो तो त्यामुळेच. रात्री आडवे झालो की तेच पाणी चेहऱ्याकडे पसरतं. म्हणून सकाळी डोळे जड आणि तुम्ही ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडून वाशीला ऑफिसात पोचून चहा-बिहा होईपर्यंत बरंचसं उतरलेलं. ही सकाळची, दोन्ही डोळ्यांची, न दुखणारी, न खाजणारी सूज सगळ्यात कॉमन, आणि घरगुती उपाय खरं तर हिच्यासाठीच आहेत.

हिच्या मागे बहुतेक वेळा मीठ असतं. लोकांना वाटतं मी कुठे मीठ जास्त खातो, वरून तर घेतच नाही. बरं मग रात्रीचं साधं ताट घ्या. आमटी-भात, भाजी, पोळी, इथपर्यंत ठीक. मग लोणच्याची फोड. मग कोणीतरी पापड भाजतं, आणि पापडात नुसतं मीठ नसतं तर पापडखार पण असतो, तोही सोडियमच. मग ताक, त्यात मीठ. मग साडेदहाला टीव्हीसमोर फरसाणाचा डबा उघडला जातो, एकच मूठ म्हणत म्हणत तळ दिसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात स्वयंपाकातलं, पापडातलं, बिस्किटातलं, ब्रेडमधलं सगळं आलं. शनिवारी रात्री गाडीवरचं ट्रिपल शेजवान खाल्लं असेल तर त्यात सोया सॉस आणि अजिनोमोटो, दोन्हीत सोडियम भरपूर, त्यामुळे रविवारी सकाळी जे तोंड आरशात दिसतं ते त्या गाडीचंच आहे. कोळीवाड्यातून आणलेली खारवलेली मासळी, तिचंही तेच, आणि मला ती सोडवत नाही हे आधीच सांगते, फक्त मी ती दुपारी खाते, रात्री नाही.

उपवासाला सैंधव खातो म्हणून चालतं असं म्हणणारे बरेच भेटतात. सैंधव पण बऱ्याच अंशी सोडियम क्लोराईडच आहे हो, रंग गुलाबी म्हणून शरीर फसत नाही. साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स, संध्याकाळी परत वेफर्स, आणि दुसऱ्या दिवशी डोळे सुजले की दोष उपवासाला. गॅस झाला की खायचा सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घ्यायची सवय असेल तर तेही मोजा, सोडियम त्यातही आहे. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं मिलिग्रॅममध्ये, त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. एकदा किराणा आणताना दोन-तीन पाकिटांवर हा हिशोब करून बघा, नूडल्सचं पाकीट हातातून खाली ठेवाल. फक्त एक सांभाळा, बाजारात जे लो सोडियम मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, घरात कोणाला किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ते आणू नका.

तर पहिला उपाय हा आहे, आणि ह्याला काकडी लागत नाही. आठवडाभर रात्रीच्या जेवणातून पापड, लोणचं, फरसाण आणि बाहेरचं काढा, जेवण झोपायच्या दोन-अडीच तास आधी उरका, आणि रोज सकाळचा फोटो काढत रहा. बऱ्याच जणांचा अर्धा प्रश्न इथेच मिटतो. पाण्याचं म्हणाल तर दिवसभर नीट प्या, सूज आहे म्हणून पाणी तोडायचं नसतं, पण दिवसभर घोटभर आणि झोपताना तांब्याभर असं नको.

मीठ सोडून बाकीची कारणं पटकन सांगते. दारू. रडणं, कारण रडताना रक्तवाहिन्या फुगतात आणि शिवाय आपण डोळे पुसत-चोळत असतो. कमी झोप, आणि रविवारची बारा वाजेपर्यंतची झोप पण. पाळीच्या आधीचे काही दिवस, त्यात अंगात पाणी धरतंच. पालथं झोपणं, आणि एकाच कुशीवर झोपत असाल तर त्या बाजूचा डोळा जास्त सुजलेला दिसतो, घाबरू नका. सर्दी-सायनस असेल तर डोळ्याखाली आणि गालाच्या हाडापाशी जडपणा येतो, त्याला वाफ घ्या.

नाईट शिफ्टवाल्यांचं गणित वेगळं आहे. ऐरोली, महापे, घणसोलीकडे एवढी पोरं-पोरी रात्रभर काम करतात, पहाटे तीनला भूक लागते तेव्हा मिळतं काय तर कप नूडल्स नाहीतर वेफर्स, मग सकाळी सातला कॅबमधून घरी, पडदे लावून आडवे, आणि दुपारी तीनला उठून म्हणतात दुपारी पण डोळे सुजलेलेच आहेत, म्हणजे काहीतरी मोठं असेल. मोठं काही नाही, तुमची सकाळ तीनला होते. घड्याळातले वाजले किती हे बघू नका, उठल्यापासून किती तास झाले ते मोजा. शिफ्टला घरून डबा न्या, पहाटेच्या त्या खाण्यासाठी उकडलेलं अंडं, फळ, दही, खारे नसलेले दाणे असं काहीतरी ठेवा.

आता थंडाचा शेक. ह्यात काही रॉकेट सायन्स नाही पण लोक घाईत करतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. स्वच्छ सुती रुमाल घ्या, टर्किश टॉवेल नको, जाड पडतो. माठातल्या किंवा फ्रिजच्या पाण्यात बुडवा, घट्ट पिळा, चार पदरी घडी करा, खुर्चीत मान मागे टेकवून बसा, डोळे मिटून दोन्ही डोळ्यांवर ठेवा. आडवं व्हायचं नाही, पाणी खाली उतरवायचंय ना. दोन-तीन मिनिटांत रुमाल गरम होतो, की परत बुडवून पिळायचा. एकूण दहा मिनिटं. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. थंडाने रक्तवाहिन्या आकसतात आणि पाणी झिरपायचं कमी होतं, एवढीच त्याची करामत. वेळ नसेल तर रात्रीच दोन स्टीलचे चमचे फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी त्यांची फुगीर बाजू पापणीवर टेकवा, गरम झाले की अदलाबदल. फ्रीझरमध्ये नाही हं, बर्फाळ स्टील कातडीला चिकटतं. बर्फ किंवा फ्रोजन मटारचं पाकीट वापरायचं असेल तर फडक्यात गुंडाळूनच, पापणीवर थेट बर्फ कधीच नको.

काकडी काम करते का? करते, थंड असते म्हणून. फ्रिजमधली, धुतलेली, सालं काढलेली काकडी ही एक थंड आणि ओली गोष्ट आहे, बटाट्याची चकती पण तशीच, त्यामुळे ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर करा पण जे रुमालाने होतं त्याच्या पलीकडे जाऊन काकडी काही जादू करत नाही, असं माझं मत. उरलेल्या काकडीची कोशिंबीर करा, दाण्याचं कूट घालून, मीठ कमी.

चहाचं मात्र जरा वेगळं आहे, कारण त्यात कॅफीन असतं आणि त्याने रक्तवाहिन्या आकसायला मदत होते. पण आपल्या घरातला चहाचा चोथा डोळ्यावर ठेवू नका! त्यात दूध, साखर, आलं, कधी गवती चहा सगळं शिजलेलं असतं, आल्याने पापणी चुरचुरेल आणि साखरेने चिकट होईल ते वेगळंच. टी-बॅग असतील तर दोन बॅगा कोऱ्या गरम पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवा, पिळा, फ्रिजमध्ये पूर्ण गार करा, मग मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं. टी-बॅग नसतील तर चहा पावडर जुन्या पण धुतलेल्या मलमलच्या तुकड्यात बांधून छोट्या पुरचुंड्या करा आणि तेच करा. पुरचुंडी सैल राहिली तर पावडर पापण्यांच्या केसात जाऊन बसते आणि मग डोळा चोळून चोळून सूज वाढते, त्यामुळे दोरा नीट दोनदा गुंडाळा. नंतर साध्या पाण्याने तोंड धुवा, चहाचा पिवळट डाग राहतो. बाजारात कॅफीनवाले रोल-ऑन मिळतात त्यांचंही तत्त्व हेच, आणि त्याचं स्टीलचं टोक फ्रिजमध्ये ठेवलं तर जास्त उपयोगी, महाग घ्यायची गरज नाही.

आणि उशी. दोन उशा घ्या, पण मान वाकडी होईल अशा एकावर एक रचू नका, खांद्याखालून उतार येईल अशा ठेवा. डोकं जरा वर राहिलं की रात्रीचं पाणी चेहऱ्याकडे कमी येतं. हा उपाय लोकांना फार साधा वाटतो म्हणून करत नाहीत.

समजा हे सगळं नीट केलं, तरी तीन वेळच्या फोटोत सकाळ, दुपार, संध्याकाळ खालच्या पापणीची पिशवी जशीच्या तशी दिसतेय, गेली काही वर्षं आहे, दुखत नाही, खाजत नाही. मग आरशासमोर उभं राहून चेहरा सरळ ठेवून फक्त नजर छताकडे करा. पिशवी जास्त फुगीर दिसली तर ते पाणी नाही, चरबी आहे. डोळ्याच्या मागे गादीसारखी चरबी असते, तिला धरून ठेवणारा पडदा वयाने सैल होतो आणि चरबी पुढे येते, काही घराण्यांत तर तिशीतच. आईचे-मामाचे जुने अल्बम काढून बघा, कळेल. ह्याला काकडी, चहा, बदाम तेल, कोरफड, कशानेही फरक पडणार नाही, क्रीमने तर अजिबात नाही. ज्यांना फारच खटकतं त्यांच्यासाठी ब्लेफरोप्लास्टी नावाची शस्त्रक्रिया असते, बाकीच्यांनी चष्म्याची फ्रेम जरा जाड घ्यावी आणि विषय सोडून द्यावा.

आता खाजवाली सूज. खाज आली की ऍलर्जीकडे बघायचं, दोन्ही डोळे, पाणी गळतंय, शिंका येतायत, सूज दिवसात कधीही येते. आपल्याकडे निमित्तांना तोटा नाही. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना टॉवरची कामं आणि मेट्रोच्या कामाची धूळ वर्षानुवर्षं, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं तर रेघ उमटते. पावसाळ्यात तर खाडीलगतच्या सगळ्याच भागात भिंतींना ओल आणि कपाटाच्या मागे बुरशी, चपलांवर सुद्धा हिरवं साठतं, आणि गादी-उशीत दमटपणामुळे डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात ज्यांची ऍलर्जी लय लोकांना असते. गादीला ऊन दाखवा, पाऊस उघडला की लगेच, चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कपाटावरची टेडी-बिडी पोरं झोपतात त्या खोलीतून हलवा. मच्छर अगरबत्तीचा धूर डोळ्यांना त्रास देतो, मच्छरदाणी लावा. आणि उन्हाळ्यात मिरच्या-मसाल्याचे दिवस असतात, तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये नुसतं फिरून आलं तरी डोळ्यांची आग होते, घरी मिरच्यांची देठं काढल्यावर हात साबण लावून दोनदा धुवा, नुसत्या पाण्याने तिखट जात नाही आणि तोच हात डोळ्याला लागतो.

काही निमित्तं अशी असतात की लक्षातच येत नाहीत. आमच्या सासूबाईंनी नातीच्या बारशासाठी केस काळे केले, त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी बारशात कोलंबी खाल्ली, आणि त्याच्या पुढच्या सकाळी उठल्या तर दोन्ही पापण्या अशा फुगल्या होत्या की उजवा डोळा अर्धाच उघडत होता, कपाळाच्या कडेला केसांच्या रेषेवर बारीक पुरळ. घरात सगळ्यांनी कोलंबीला धारेवर धरलं. स्किनच्या डॉक्टरांनी मात्र कपाळाची रेषा बघूनच विचारलं, केसांना काय लावलं? हेअर डायमध्ये पॅराफेनिलीनडायअमीन नावाचं द्रव्य असतं, बऱ्याचशा काळ्या मेंदीत पण तेच घातलेलं असतं, आणि ह्याची ऍलर्जी एक-दोन दिवस उशिरा उठते. पुष्कळदा डोक्याच्या कातडीला काहीच होत नाही आणि पापण्या सुजतात, कारण तिथली कातडी पातळ. कोलंबीची ऍलर्जी असती तर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत उठली असती. नेलपॉलिशचं पण असंच, नखांना काही होत नाही, तो हात दिवसभरात नकळत डोळ्याला लागतो आणि पापणी सुजते, खवले धरते. म्हणून पापण्या सुजल्या की मागच्या तीन दिवसांत काय नवीन लावलं त्याची यादी करा, नवीन काजळ, नवीन फेसवॉश, शांपू, बाम, डाय, सगळं. मग सगळं बंद. डाय लावायचाच असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास थांबा, आणि ज्याला एकदा अशी रिॲक्शन आली त्याने तो परत ट्राय करू नये, पुढच्या वेळी जास्त येते.

खाजेला घरी काय करायचं तर गार रुमाल, वर सांगितला तसाच, आणि चोळायचं नाही. हे चोळायचं नाही सांगणं सोपं आहे मला माहितीये, पण चोळल्याने खाज आणणारं द्रव्य अजून सुटतं आणि चक्र चालू होतं. बाहेरून आल्यावर हात, मग तोंड गार पाण्याने धुवा. साधे अश्रूसारखे ड्रॉप्स मिळतात, ते फ्रिजमध्ये ठेवून घातले की बरं वाटतं आणि धूळ पण धुवून निघते. ऍलर्जीची गोळी डॉक्टरला विचारून घ्या, काही गोळ्यांनी झोप येते आणि आपण बाईकवर निघतो.

एकाच डोळ्याला, पापणीच्या कडेला, बोट लावलं की दुखणारी लाल पुळी असेल तर ती रांजणवाडी. इथे थंड चालत नाही, इथे गरम. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी तुंबते आणि तिथे जंतू वाढतात, गरमाने ते तेल पातळ होऊन वाट मोकळी होते. आजी तळहातावर बोट घासून किंवा सोन्याची अंगठी घासून लावायची, त्यात तथ्य गरमीचंच आहे, फक्त ती गरमी दोन सेकंद टिकते. त्यापेक्षा रुमाल कोमटाहून जरा गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना बघा, आणि मिटलेल्या डोळ्यावर दहा ते पंधरा मिनिटं ठेवा, गार झाला की परत बुडवा. दिवसातून तीन-चार वेळा. एकदा करून सोडलं तर उपयोग नाही. फोडायची नाही, पिळायची नाही, त्यावर काजळ-मेकअप नको आणि लेन्स तर नकोच. आठवड्याभरात ओसरली नाही किंवा सारखी सारखी होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि सारखी होते त्यांनी शुगर पण तपासून घ्या.

डोळे आले असतील तर सूज, लाली, सकाळी चिपडांनी चिकटलेल्या पापण्या, हे ओळखायला कठीण नाही, २०२३ च्या पावसाळ्यात तर घरटी कोणीतरी काळा चष्मा लावून बसलं होतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकाकडून कानाकडे पुसा, प्रत्येक पुसण्याला नवीन कापूस, आणि टॉवेल-उशी वेगळी. पोरांना सकाळी एक डोळा एकदम टम्म सुजलेला असेल, दुखत नाही, ताप नाही, मजेत खेळतंय, तर बहुतेक रात्री डास चावलेला असतो, नीट बघितलं तर चावल्याचा ठिपका सापडतो. गार रुमाल लावा, एक-दोन दिवसांत उतरतं. पण एका डोळ्याला लाल, गरम सूज आणि सोबत ताप, डोळा हलवताना दुखणं, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, दोन-दोन दिसणं किंवा अंधुक दिसणं, ह्यातलं काहीही असेल तर घरी थांबायचंच नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल. हे इन्फेक्शन डोळ्याच्या खोबणीत उतरू शकतं.

डोळ्यात काय घालायचं नाही ते पण सांगून टाकते कारण मोबाईलवर रोज काहीतरी फिरत असतं. लिंबू, मध, एरंडेल, कांद्याचा रस, बेकिंग सोडा, अंगावरचं दूध, टूथपेस्ट, मूळव्याधीचं मलम, काही म्हणजे काही नाही. गुलाबपाणी मिटलेल्या पापणीवर ठीक, डोळ्याच्या आत नको, बाटली काही निर्जंतुक नसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेडिकलमधून अंदाजाने आणलेले ड्रॉप्स किंवा शेजाऱ्यांचे उरलेले. बऱ्याचदा त्यात स्टेरॉइड असतं, लाली दोन तासांत जाते म्हणून माणूस खूश होतो आणि महिनोन् महिने घालत राहतो, त्याने डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू पण.

आता डोळ्याच्या बाहेरची कारणं, हे मात्र नीट वाचा. लहान मूल, विशेषतः दोन ते सहा वर्षांचं, रोज सकाळी डोळे सुजून उठतंय, खाज नाही, दिवसा थोडं उतरतं आणि संध्याकाळी पायावर किंवा पोटावर सूज दिसते, चड्डीचं इलॅस्टिक रुततंय, लघवीला फेस येतो, तर ऍलर्जी-ऍलर्जी म्हणत सिरप पाजत बसू नका. किडनीतून लघवीवाटे प्रोटीन गळत असेल तर असं होतं, त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात, आणि साध्या लघवीच्या तपासणीत ते कळतं. ही तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते आणि स्वस्त असते. घसा किंवा त्वचेचं इन्फेक्शन होऊन दोन-एक आठवड्यांनी डोळे सुजले आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. मोठ्यांनाही हेच लागू आहे, त्यात बीपी आणि शुगरवाल्यांनी तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लघवी बघूनच घ्यावी.

थायरॉईड कमी पडत असेल तर चेहरा आणि डोळे दिवसभर सुजकट राहतात, सोबत वजन वाढतं, केस जातात, पोट साफ होत नाही, आळस, आणि थंडी वाजते. मे महिन्यात सगळं ठाणं घामाने निथळत असताना तुम्ही एकटेच पंखा बंद करा म्हणत असाल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून या. गरोदर बाईचे पाच महिन्यांनंतर अचानक डोळे, चेहरा, हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यापुढे चमकतंय, तर लगेच बीपी मोजायचं, गरोदरपणात सूज येतेच असं म्हणून सोडायचं नाही. अंगदुखीच्या गोळ्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्यांनी पापण्या-ओठ सुजू शकतात, नवीन गोळी चालू झाल्यावर असं झालं तर डॉक्टरला फोन करा. आणि पापण्यांसोबत ओठ किंवा जीभ सुजली, घसा आवळतोय, श्वास लागतोय, मग ते कोलंबीने असो, शेंगदाण्याने, गोळीने नाहीतर मधमाशीने, सरळ १०८, नाहीतर जे वाहन मिळेल त्याने जवळचं हॉस्पिटल. डॉक्टरकडे जाताना ते फोटो दाखवा, कारण दुपारी अपॉइंटमेंट मिळते तोपर्यंत सूज उतरलेली असते आणि मग सांगून पटत नाही.

राहिला तो प्रश्न जो मला मैत्रिणी सगळ्यात जास्त विचारतात, की उद्या सकाळी लग्न आहे किंवा इंटरव्ह्यू आहे आणि आजची रात्र जागरणाची, तर काय करू. आज संध्याकाळी सात-साडेसातला जेवून घ्या, हळदीच्या मांडवात पापड-लोणचं आणि मसाला सोडा तेवढा टाळा. रात्री मेकअप काढल्याशिवाय झोपायचं नाही, काजळ सुद्धा. दोन उशा, उताणं. गजर नेहमीपेक्षा पाऊण तास आधीचा लावा, कारण सूज उतरायला तुम्ही उभं राहणं हाच निम्मा उपाय आहे, उठल्यावर लोळत मोबाईल बघितला तर तो वेळ फुकट. उठून गार पाण्याने तोंड धुवा, घरात फेऱ्या मारा, मग खुर्चीत बसून दहा मिनिटं गार रुमाल किंवा रात्रीच करून ठेवलेल्या चहाच्या पुरचुंड्या. नंतर अनामिकेने, अगदी हलकं, नाकाकडून कानाकडे खालच्या पापणीवर थापटत जा, ओढायचं नाही. कन्सीलर फुगवट्यावर लावू नका, तो उजळून अजून वर आलेला दिसतो, फुगवट्याच्या खाली जी सावलीची रेघ पडते फक्त तिच्यावर लावा. लेन्स त्या दिवशी घरीच ठेवा, चष्मा लावून जा.